कमल रणदिवे यांच्या संशोधनाचे मोजमाप : चौकटीत कोणता आकडा घालावा?

प्रश्न
अवलोकिता

सर्वांना नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि अधूनमधून एका विज्ञानविषयक त्रैमासिकासाठी लिहिते. सध्या डॉ. कमल रणदिवे यांच्यावरचा एक दीर्घ लेख हाती आहे. मजकूर बराचसा लिहून झाला आहे. गाडी अडली आहे ती एका चौकटीपाशी. या लेखमालेतील प्रत्येक शास्त्रज्ञाची ‘एका दृष्टिक्षेपात’ अशी चौकट द्यायचे संपादकांनी ठरवले असून, तीत जन्म, शिक्षण व पुरस्कार यांच्याखाली आणखी तीन रकाने आहेत : एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन्स (इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख) आणि एच-निर्देशांक. मागच्या अंकातील संशोधक हयात होते आणि त्यांचे गूगल स्कॉलरवर स्वतःचे पान होते, त्यामुळे ती चौकट चहा निवायच्या आत भरून झाली. या वेळीही तसेच होईल, अशी संपादकांची समजूत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ) यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून लग्नानंतर त्या मुंबईला आल्या, टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या आणि १९४९ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या टिश्यू कल्चरचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे, तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. १९७३ साली सहकारी स्त्री-वैज्ञानिकांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, १९८२ साली पद्मभूषण मिळाले, २००१ साली निधन झाले.

आता अडचण सांगते. ‘दोनशेहून अधिक शोधनिबंध’ हा आकडा त्यांच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक टिपणात येतो. पण ती टिपणे एकमेकांवरून उतरवलेली दिसतात आणि मूळ यादी कोणीच देत नाही. मी स्वतः शोधायला बसले, तेव्हा आडनावापुढची आद्याक्षरे कुठे एक, कुठे दोन, तर कुठे पूर्ण नाव, अशा नोंदी निघाल्या आणि त्यांत भलत्याच विषयांतले रणदिवेही मिसळलेले होते. दोन संध्याकाळी खर्चून हाताने निवड केली. जे उरले त्याच्या सायटेशन्सची बेरीज इतकी लहान भरली की ती छापायला हात धजावत नाही. ज्या बाईंनी स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता, संप्रेरके व कर्करोग, विषाणू व कर्करोग या प्रश्नांवर या देशात पहिल्यांदा पद्धतशीर प्रयोग केले, त्यांच्या नावापुढे तो आकडा वाचून अकरावीतली मुलगी काय समजेल, असे मनात येते.

म्हणून विचारते : हा आकडा चुकीचा आहे, अपुरा आहे, की बरोबर असूनही निरर्थक आहे? आणि रकाना रिकामा सोडायचा नसेल, तर त्यात प्रामाणिकपणे काय लिहावे?

---

उत्तर
जुना ग्रंथपाल

अवलोकिताताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिहेरी आहे : आकडा थोडा चुकीचा आहे, बराच अपुरा आहे, आणि तुम्ही ज्या कामासाठी तो वापरू पाहता त्या कामापुरता निरर्थक आहे. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षे होतो. वार्षिक अहवालासाठी असल्या चौकटी भरून देणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत अप्रिय काम होते, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी हे मोजणारे तराजू किती जुने आहेत ते पाहा. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, याची पद्धतशीर सूची विज्ञानासाठी असावी, ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडली आणि सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्ष बाजारात आला तो १९६० च्या दशकात. गारफिल्ड यांना ही कल्पना सुचली ती अमेरिकी वकिलांच्या एका संदर्भसाधनावरून. १८७३ पासून तिथे शेपर्ड यांची सूची वापरली जात होती आणि एखाद्या निकालाचा पुढे कोणकोणत्या निकालांत आधार घेतला गेला हे तीत पाहायला मिळे. मात्र तो निकाल पुढे उचलून धरला गेला की फिरवला गेला, हेही ती सूची सांगत असे. विज्ञानाने वकिलांकडून मोजणी घेतली आणि नेमका हा शेरा तिथेच ठेवून आला. त्यामुळे आजही ‘अमुक यांनी दाखवल्याप्रमाणे’ आणि ‘अमुक यांचे म्हणणे आम्हांला आढळले नाही’ हे दोन्ही उल्लेख बेरजेत सारखेच एक-एक धरले जातात.

एच-निर्देशांक तर त्याहून अलीकडचा आहे. जॉर्ज हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली मांडला, म्हणजे रणदिवे बाईंच्या निधनानंतर चार वर्षांनी. संशोधकाचे निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावावेत आणि वरून मोजत जावे. ज्या शेवटच्या क्रमांकाच्या निबंधाला निदान त्या क्रमांकाइतकी सायटेशन्स आहेत, तो क्रमांक म्हणजे निर्देशांक. ज्याचे बारा निबंध प्रत्येकी बारा वेळा उल्लेखले गेले त्याचा निर्देशांक बारा. ज्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाचा हजार वेळा उल्लेख झाला, त्याचा तीन. जीववैद्यकातले आकडे भौतिकशास्त्रातल्यापेक्षा मोठे असतात, हे खुद्द हिर्श यांनीच नोंदवले होते. विषय वेगळा असेल तर तुलना करू नये, हे यातून उघड होते. काळ वेगळा असेल तर ती त्याहूनही करू नये.

आता अपुरेपणाकडे येतो. स्कोपस या सूचीत निबंधांखालच्या संदर्भयाद्या जोडलेल्या आहेत त्या १९७० पासूनच्या. म्हणजे १९५८ च्या निबंधाचा उल्लेख १९६२ साली कोणी केला असेल, तर तो त्या मोजणीत येतच नाही. निबंधाचे तरुणपण, म्हणजे ज्या पाच-दहा वर्षांत त्याचा सर्वाधिक वापर होतो तो काळ, पूर्ण अंधारात राहतो आणि आपण फक्त त्याचे म्हातारपण मोजत बसतो. वेब ऑफ सायन्स ही दुसरी सूची बरेच मागे जाते. पण किती मागे, हे तुमच्या संस्थेने कोणत्या वर्षापासूनची वर्गणी भरली आहे यावर ठरते, आणि त्यात भारतीय नियतकालिके आधीपासूनच मोजकी आहेत. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या कित्येक नोंदींत लेखकाचे नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत असते आणि १९७५ पूर्वीच्या नोंदींना गोषवारा नसतो. त्यामुळे गोषवाऱ्यातील शब्दांवरून शोध घेणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. तुम्ही शीर्षकाऐवजी विषयाने शोधले असेल, तर तिथेच काही निबंध निसटले असणार.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. पुष्कळ स्त्री-संशोधकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे नाव यांत यादी दुभंगते. रणदिवे यांचे लग्न १९३९ साली झाले आणि एम.एस्सी.ही त्यानंतरची, १९४३ ची. सारे संशोधन एकाच आडनावाखाली असल्यामुळे तो घोळ इथे नाही.

पहिला रकाना भरण्याचा खरा मार्ग जुनाच आहे. मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयात ‘इंडेक्स मेडिकस’ या वैद्यकीय निबंधांच्या छापील सूचीचे जाडजूड वार्षिक खंड अजून असतील. लेखकसूचीत ‘र’ काढायचे आणि वर्षामागून वर्ष उतरवत जायचे. अक्षरे इतकी बारीक की आम्ही टेबलावर भिंग साखळीने बांधून ठेवत असू. साखळी एवढ्यासाठी की भिंगे खंडांपेक्षा जास्त पळत. जोडीला संस्थेचे छापील वार्षिक अहवाल घ्या, कारण भारतीय नियतकालिकांत आलेले आणि परिषदांत वाचलेले काम तिथेच सापडते. आठवडा जाईल, पण ‘दोनशेहून अधिक’ या परंपरेने चालत आलेल्या आकड्याच्या जागी तुमच्याकडे यादी असेल.

---

उत्तर
पेशीशाळा

मी मुंबईत पेशीजीवशास्त्रात काम करून निवृत्त झाले. रणदिवे बाईंच्या हाताखाली मी नव्हते. ज्या बाईंनी मला पेशी वाढवायला शिकवले, त्यांना ते रणदिवे बाईंच्या प्रयोगशाळेतल्या कोणीतरी शिकवले होते. ही ‘कोणीतरी कोणालातरी शिकवले’ची साखळी सायटेशनमध्ये कुठेच उतरत नाही, आणि रणदिवे यांच्या कामाचा मोठा भाग नेमका तिथे आहे, म्हणून लिहिते.

आज संशोधक विद्यार्थी पेशी वाढवतो तेव्हा तयार माध्यमाची (पेशींना पोसणाऱ्या द्रवाची) बाटली उघडतो, प्लास्टिकची निर्जंतुक तबकडी काढतो आणि काम झाले की ती फेकून देतो. १९५० च्या दशकात यांतले काहीच नव्हते. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेतले माध्यम कोंबडीच्या रक्तातील प्लाझ्मा, भ्रूणाचा अर्क आणि बाळंतपणानंतर नाळेतून मिळवलेल्या रक्ताचा सीरम असे जुळवून केलेले असे. काचेच्या नळ्या एका मोठ्या ढोलात बसवून तो तासाला एक-दोन फेरे इतक्या सावकाश फिरवायचा, म्हणजे पेशींना आळीपाळीने द्रव आणि हवा मिळते, ही युक्तीही गाय यांचीच. शिवाय काच धुणे हे स्वतंत्र शास्त्र होते. साबणाचा अंश राहिला तर दोन दिवसांनी पेशी गोल होऊन काचेपासून सुटत आणि आठवड्याची मेहनत मोरीत जाई. माझ्या पहिल्या वर्षी मला सूक्ष्मदर्शकाला हात लावू दिला नव्हता. नळ्या धुऊन उजेडात धरायच्या, पाणी थेंबाथेंबाने न अडकता एकसलग पडद्यासारखे उतरले तरच ती नळी पुढच्या टोपलीत जायची. हे सारे बाल्टिमोरहून परळला आणून इथल्या दमट हवेत आणि इथल्या विजेवर चालवून दाखवणे म्हणजे काय, हे निबंधाच्या ‘पद्धती’ या भागात दोन ओळींत संपते.

गाय यांचेच उदाहरण घ्या, कारण या चर्चेला त्याच्याइतके चपखल दुसरे उदाहरण मला सुचत नाही. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या, तिला न विचारता घेतलेल्या, गाठीतील पेशी त्यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या. त्याच हेला पेशी. गाय यांनी मागेल त्याला त्या पाठवल्या. जगभरातले हजारो निबंध त्या पेशींवर उभे आहेत; पण खुद्द गाय यांनी सहकाऱ्यांसह त्यांच्याविषयी प्रथम छापले ते १९५२ सालच्या ‘कॅन्सर रिसर्च’मधील परिषदेच्या गोषवाऱ्यांतला एक छोटा मजकूर. आज हेला पेशी वापरणारा संशोधक पेशी विकणाऱ्या कंपनीचे नाव लिहितो, गोषवाऱ्याचा संदर्भ देत नाही. गुरूचीच ही गत, तर त्यांच्याकडून तंत्र शिकून दुसऱ्या देशात ते रुजवणाऱ्या शिष्येची काय कथा! एखादी गोष्ट इतकी सर्वांची होते की तिच्या मूळ कर्त्याचे नाव घेण्याची गरजच कोणाला वाटत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकारावर लिहिले आहे आणि कर्करोग संशोधनात त्याचे नमुने पावलोपावली आहेत.

दुसरी बाब क्षेत्राच्या सीमेची. संपादकांना ‘कर्करोग संशोधक’ म्हणून आकडा हवा आहे. पण टिश्यू कल्चरचे जे तंत्र गाठींसाठी आणले होते, त्यातूनच रणदिवे यांचे एक लांबवर पोहोचलेले काम निघाले, ते कुष्ठरोगावरचे. १९५८ च्या सुमारास बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींतून मिळालेले जंतू मानवी भ्रूणाच्या मज्जारज्जूजवळील चेतागंडिकांच्या (चेतापेशींच्या पुंजक्यांच्या) पेशींत वाढवले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना आयसीआरसी जंतू म्हणतात. पुढे त्याच संस्थेत त्यांपासून कुष्ठरोगावरची लस बनली आणि दक्षिण भारतात मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. मूळ प्रयोग आणि हा निष्कर्ष यांत चाळीस वर्षे गेली. कर्करोगाच्या रकान्यात हे येणार नाही, आणि लसीच्या निबंधांना मिळालेली सायटेशन्स त्या निबंधांच्या लेखकांच्या खाती पडणार.

यात एक गाठ आहे, ती लपवू नये. आयसीआरसी जंतू म्हणजे कुष्ठरोगाचा प्रत्यक्ष जंतू नव्हे. पुढील अभ्यासांत त्यांची गणना मायकोबॅक्टेरियम ॲव्हियम-इंट्रासेल्युलर या गटात झाली, आणि कुष्ठरोगाचा खरा जंतू कृत्रिम माध्यमात आजतागायत कोणालाही वाढवता आलेला नाही. म्हणजे त्या निबंधाचे काही उल्लेख शंका घेणारे असणार आणि काही त्यावर लस उभी करणारे. ग्रंथपालसाहेबांनी वकिलांच्या सूचीबद्दल लिहिले ते इथे तंतोतंत लागू पडते.

ताई, जुन्या काळी निबंधाचा प्रभाव आम्हांला कळायचा तो पोस्टकार्डांवरून. छायाप्रतीची सोय नव्हती तेव्हा परदेशी प्रयोगशाळा छापील कार्ड पाठवून निबंधाची प्रत मागत : ‘आपल्या अमुक निबंधाची प्रत मिळाल्यास आभारी राहू.’ प्राग, ओसाका, साओ पाउलो, कुठूनही. शिपाई सकाळी कार्डांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवी आणि तिकिटे कोणाच्या मुलाला द्यायची यावरून लटकी भांडणे होत. ती कार्डे कोणी जपली नाहीत.

---

उत्तर
मध्यक

वरची दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत आणि त्यांतील तपशिलाशी माझा वाद नाही. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, त्यामुळे मला इथे एक धोका दिसतो, तेवढा मांडतो.

सायटेशन कमी असण्याची इतकी सुंदर कारणे आपण गोळा केली की आता कोणाचीही कमी सायटेशन्स त्यांच्यामागे झाकता येतील. ‘काळ जुना होता, नियतकालिक भारतीय होते, तंत्र सर्वांचे झाले’ हे रणदिवे यांच्याबाबत खरे असेल; पण ते तपासून ठरवावे, आदरापोटी गृहीत धरू नये. खानोलकर यांचेच पाहा. तोंडाच्या कर्करोगाच्या मुंबईतील एक हजार लागोपाठच्या रुग्णांवरचा त्यांचा निबंध १९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये आला आणि कंबरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन पाठोपाठ १९४५ साली. तंबाखू, पान आणि तोंडाचा कर्करोग यांवरचे लेखन आजही मागे जाता जाता या कामापाशी पोहोचते. म्हणजे परळला बसून लिहिलेले जगाच्या नजरेला येतच नव्हते, असे सरसकट म्हणता येणार नाही. प्रश्न कोणता विचारला आणि त्या प्रश्नाचे गिऱ्हाईक कोण होते, यावर बरेच अवलंबून असते.

उलट बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. कर्करोग संशोधनात सर्वाधिक सायटेशन्स कशाला मिळतात? डग्लस हॅनहान आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी २००० साली ‘सेल’मध्ये कर्करोगाची सहा ठळक लक्षणे मांडणारा लेख लिहिला आणि २०११ साली तो वाढवून पुन्हा लिहिला, या दोहोंचे उल्लेख हजारांनी नव्हे, दहा-दहा हजारांनी मोजावे लागतात. दोन्ही समीक्षालेख आहेत, त्यांत नवा प्रयोग एकही नाही. याच वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत पेशी बिघडवणारी आणि पेशींना आवरणारी जनुके हाती लागली, पण त्या मूळ निबंधांचे उल्लेख कितीतरी पट कमी आहेत. ‘सीए’ या कर्करोगविषयक नियतकालिकाचा प्रभावांक (त्यातील लेखांना सरासरीने मिळणारी सायटेशन्स) तीन आकडी असतो, तो मुख्यतः त्यात दरवर्षी कर्करोगाची आकडेवारी छापून येते म्हणून. निबंधाचे पहिलेच वाक्य ‘जगात दरवर्षी इतक्या लोकांना कर्करोग होतो’ असे असते आणि तिथे संदर्भ द्यावाच लागतो. रुग्ण किती काळ जगले याचा आलेख काढायची कॅप्लन आणि मायर यांची १९५८ ची पद्धत सर्व विज्ञानांतील सर्वाधिक उल्लेखलेल्या निबंधांत आहे, आणि त्या दोघांपैकी कोणीही कर्करोगतज्ज्ञ नव्हते. सायटेशन हे बहुधा सोयीचे माप असते.

आणि चुकीच्या कामालाही ती मिळतात. गाठीतील जनुकांवरून कोणते औषध लागू पडेल हे सांगण्याचा दावा करणारा ड्यूक विद्यापीठातील एक निबंध २००६ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी आकड्यांची फेरतपासणी केली, तेव्हा जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकल्याचे आढळले. २०११ साली तो निबंध मागे घेतला गेला. तोवर त्याचे उल्लेख शेकड्यांनी झाले होते आणि रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या.

यावरून माझी सूचना अशी : बेरीज देऊ नका. एक निबंध निवडा आणि त्याचा माग काढा. आयसीआरसी जंतूंचा निबंध योग्य दिसतो. त्याचा उल्लेख करणारे जितके निबंध हाती लागतील तितक्यांतले ते नेमके वाक्य वाचा आणि तीन ढीग करा : आधार घेणारे, शंका घेणारे आणि नुसते हजेरी लावणारे. संख्या लहान असणे इथे फायद्याचे आहे. वीस वाक्ये माणूस वाचू शकतो, वीस हजार नाही.

तुलना करायचीच असेल तर ती त्याच दशकातील, त्याच विषयातील निबंधांशी करा. आजच्या टाटा स्मारक केंद्राशी करू नका. तोंडाच्या कर्करोगात मानेतील गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर, या प्रश्नावरची डिक्रूझ आणि सहकाऱ्यांची चाचणी २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. जगभरच्या शल्यविशारदांना अनेक दशके पडलेला प्रश्न, हातात पाचशे रुग्ण आणि इंटरनेटच्या युगातले प्रकाशन. तिचे उल्लेख मोजायला सोपे आहेत, म्हणून काही ती रणदिवे यांच्या उंदरांवरील प्रयोगांच्या पंक्तीला बसवता येत नाही.

---

अवलोकिता

आपणा तिघांचे मनापासून आभार. मध्यक यांचा टोला मला लागला आणि तो योग्यच होता. ‘अकरावीतली मुलगी काय समजेल’ हे लिहिताना मी आकडा लहान आहे म्हणून तो लपवायची वाट शोधत होते, हे आता वाचताना कळते.

संपादकांशी काल बोलले. तीनही रकाने काढून टाकायला ते तयार नाहीत, कारण मालिकेचा साचा ठरलेला आहे. पण रकान्यांत वाक्य लिहायला त्यांची हरकत नाही. आतापर्यंतचा मसुदा असा आहे :

एकूण शोधनिबंध : ‘कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर दोनशेहून अधिक, असे प्रचलित चरित्रटिपणांत म्हटले आहे; पैकी लेखिकेने सूचीवरून पडताळलेले …’ (ही जागा ‘इंडेक्स मेडिकस’ पाहून आल्यावर भरीन; मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी केली आहे, आणि तिथे खंड नसले तर मुंबईला जाईन.)

एकूण सायटेशन्स : ‘आजच्या सूचींत त्यांच्या उमेदीच्या काळातील उल्लेख पुरेसे नोंदलेले नसल्याने बेरीज दिलेली नाही. एका निबंधाचा प्रवास पृष्ठ अमुकवर पाहावा.’

एच-निर्देशांक : ‘हे माप २००५ साली प्रचारात आले, लागू नाही.’

पेशीशाळा ताई, आपण लिहिलेली नळी उजेडात धरण्याची गोष्ट लेखात घेऊ का? आपले नाव न देता घेईन. आणि ग्रंथपालसाहेब, एक शंका उरली आहे : यादी करताना परिषदांतले गोषवारे शोधनिबंधांत धरायचे की नाहीत? वार्षिक अहवालांत ते सरसकट एकाच मथळ्याखाली छापलेले आहेत आणि ‘दोनशे’चा आकडा त्यांच्यासकटच भरत असावा, असा मला दाट संशय आहे.

---

पेशीशाळा

अवश्य घ्या. फक्त ‘नळी स्वच्छ झाली’ असे लिहू नका. आम्ही ‘नळी पास झाली’ म्हणत असू.

---

जुना ग्रंथपाल

गोषवारे वेगळ्या मथळ्याखाली उतरवा, एकूण बेरजेत मिसळू नका. एकच काम आधी परिषदेत गोषवारा म्हणून आणि वर्षभराने पूर्ण निबंध म्हणून छापलेले असते. दोन्ही धरलीत तर ते दोनदा मोजले जाते. मात्र वगळूही नका, कारण ज्यांचा पुढे निबंध झालाच नाही असे गोषवारे हटकून निघतील. प्रत्येक नोंदीसमोर खंड, पृष्ठ आणि सहलेखकांची नावे त्यांच्या मूळ क्रमाने लिहा; १९५० च्या दशकात खानोलकरांचे नाव कित्येकदा शेवटी असते आणि सूचीत निबंध पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडतो. म्हणजे ‘र’ झाल्यावर ‘ब’ आणि ‘ख’ ही अक्षरेही चाळावी लागतील. मिरजेला जाताना स्वतःचे भिंग न्या.